सीनाकाठचा इतिहासाचा तास

शाळेच्या इतिहासात आष्टी हे नाव दोनदा भेटतं. फेब्रुवारी १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग करणाऱ्या इंग्रज फौजेशी लढताना सेनापती बापू गोखले आष्टीला पडले. ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'च्या लाटेत लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला आणि गोळीबारात माणसं हुतात्मा झाली. ती आष्टी वर्धा जिल्ह्यातली. बीड जिल्ह्यातल्या आष्टीच्या मुलांना दोन्ही वेळा सांगावं लागतं, 'ही आपली आष्टी नव्हे.' पुस्तकात आपलं गाव नाही, तेव्हा आपल्या गावाला इतिहासच नाही, असं मग मुलं धरून चालतात.

प्रत्यक्षात नगर-कडा-आष्टी-जामखेड हा रस्ता इतिहासाने भरलेला आहे. तालुक्यात सावरगावला मायंब्याच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी. शेजारच्या जामखेड तालुक्यात चौंडी, जिथे ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाई होळकर जन्मल्या. त्याच तालुक्यात खर्डा, जिथे १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची शेवटची मोठी लढाई झाली. दुसऱ्या टोकाला नगरचा भुईकोट किल्ला, जिथे आफ्रिकेतल्या आणि युरोपातल्या युद्धांची माणसं कैद होऊन आली. इतकं सगळं हाताशी असताना इथल्या सातवी-आठवीच्या वर्गात इतिहासाकडून काय अपेक्षा धरली गेली, हे पाहण्यासारखं आहे. दीडशे वर्षांत या तासाचे नियम अनेकदा बदलले. प्रत्येक राजवटीने मुलाने काय लक्षात ठेवायचं ते ठरवलं. आपल्या शिवाराला जग कुठे येऊन भिडलं, हा प्रश्न मात्र कोणत्याच नियमावलीने मुलाला फारसा विचारू दिला नाही.

सीना नदी नगर शहराच्या अंगाने वाहत दक्षिणेला येते आणि आष्टी तालुक्याच्या कडेने पुढे जाते. १९४८ पर्यंत तिच्या काठाने दोन राज्यांची हद्द होती. पलीकडे मुंबई इलाख्यातला नगर जिल्हा, अलीकडे निजामाचा बीड जिल्हा. पलीकडे कलदार रुपया चाले, अलीकडे हाली सिक्का. माल घेऊन हद्द ओलांडायची तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. सनसुद्धा वेगळा होता. निजामी दप्तरात फसली साल चाले आणि ते इसवी सनाच्या सुमारे ५९० वर्षं मागे असे. देश स्वतंत्र झाल्याच्या पुढच्या वर्षी, हैदराबाद संस्थान विलीन झालं तेव्हा, अलीकडच्या कागदांवर १३५७ फसली लिहिलं जात होतं. वर्ष आझूर महिन्याने सुरू होई. पुढे दै, बहमन, इस्फंदार असे फारसी महिने येत. सोयरीक नदीपलीकडे असलेल्या घरात दोन सन, दोन नाणी आणि दोन कायदे एकाच वेळी वापरात असत. काळ मोजणं ही राज्यकर्त्यांनी ठरवलेली गोष्ट असते, हा इतिहासाचा पहिला धडा इथल्या लोकांना शाळेबाहेरच मिळाला होता.

नदीपलीकडच्या शाळेत काय शिकवलं जाई? मुंबई इलाख्यात मराठ्यांचा इतिहास पहिल्यांदा शिस्तीत मांडला तो साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने, १८२६ मध्ये, इंग्रजीत. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी तो मराठीत आणला आणि 'मराठ्यांची बखर' या नावाने तो शाळांत शिरला. म्हणजे मराठी मुलं आपल्या पणजोबांचा पराभव जिंकणाऱ्याच्या पुस्तकातून शिकत होती. गुरुजी सनावळ्या घोकून घेत, सरकारी तपासणीस, म्हणजे डेप्युटी, शाळेला भेट देई, त्याच्यासमोर मुलं घडाघडा म्हणून दाखवत. या डेप्युटीला गावोगाव 'दिपोटी' म्हणत आणि त्याच्या येण्याचा धाक मुलांपेक्षा मास्तरांना अधिक असे.

पण याच शाळांतून आणि कॉलेजांतून उलट प्रश्नही निघाला. नीलकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने १८६७ मध्ये पुण्यात एक निबंध वाचला आणि डफच्या बखरीची तपासणी केली: याला आधार कोणता, कागद कोणते पाहिले, कोणते पाहिले नाहीत? पुढच्या वर्षी तो छापून आला. मराठीतल्या इतिहास-संशोधनाची सुरुवात शोधणारे बरेच जण या निबंधापाशी येऊन थांबतात. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडले ते त्यानंतर. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं १९१० मध्ये. एका विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकावर घेतलेल्या हरकतीपासून हा सगळा प्रवाह वाहू लागला, ही गोष्ट इतिहासाच्या प्रत्येक वर्गात सांगितली पाहिजे.

नगरला आणखी एक वारं आलं होतं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये तिथे काम सुरू केलं. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्याला मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला. आष्टीपासून जेमतेम दीड-दोन मजलांवर ही शाळा चालू होती, पण मधे सीना होती.

सीनेच्या अलीकडची, निजामी मुलखातली गोष्ट निराळी. पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत, १८६० च्या आगेमागे, हैदराबाद संस्थानात तालुक्याच्या गावी सरकारी शाळा काढायचं धोरण ठरलं: एक फारसी, एक देशी भाषेची. पुढे व्यवस्था घट्ट झाली तेव्हा शाळांचे तीन टप्पे पडले. खालची तहतानिया, मधली वस्तानिया, वरची फोकानिया. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या तोंडी हे शब्द परवा-परवापर्यंत होते. आजोबा 'वस्तानिया झालो' म्हणाले की ते मिडलपर्यंत शिकले असं समजायचं. तहतानियात मराठी चाले. वस्तानियापासून पुढे उर्दू. घरी मराठी बोलणारा मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाला की गणित, भूगोल आणि तारीख, म्हणजे इतिहास, उर्दूतून शिकू लागे. पुष्कळ मुलांची शाळा या उंबरठ्यावरच सुटली.

या व्यवस्थेत एक मोठं काम झालं, तेही सांगितलं पाहिजे. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं आणि त्याआधीच पुस्तकं तयार करण्यासाठी दारुत्तर्जुमा हा अनुवाद विभाग उघडला गेला. ग्रीस, इंग्लंड, युरोप यांचे इतिहास तिथे उर्दूत आणले गेले. उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देणारं हे पहिलं आधुनिक विद्यापीठ. जगाचा इतिहास इंग्रजीशिवाय शिकवता येतो, हे त्याने करून दाखवलं. ज्या प्रजेसाठी हे चाललं होतं, तिच्यातल्या बहुतेकांची भाषा मात्र तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. ग्रीस उर्दूतून येई आणि गाव वर्गाबाहेर राही.

अपेक्षा स्पष्ट होत्या. असफजाही घराण्याची वंशावळ यावी, निजामाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना रोज म्हणावी, तालीमात खात्याचा मोहतमीम तपासणीला आला की शाळा शिस्तीत दिसावी. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. सभा घ्यायची तर 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाखाली आधी विचारावं लागे. त्यामुळे मराठवाड्यात जिथे खासगी शाळा टिकल्या तिथे इतिहासाचा तास हा जवळजवळ राजकीय प्रसंग झाला. बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईला (सरकारी कागदांत तेव्हाचं मोमिनाबाद), १९१७ पासून योगेश्वरीची शाळा होती. हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. मूळचे व्यंकटेश खेडगीकर आणि पुढचे स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा पुढारी आधी खडू-फळ्यावरचा माणूस होता, हा योगायोग नाही. सभेला बंदी असली तरी वर्ग भरतच होता.

१९३८ च्या अखेरीला औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला. त्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. तिकडे गेलेल्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. एखादं गीत म्हणावं की नाही यावरून शेकडो मुलांचं शिक्षण राज्याच्या हद्दीपार गेलं. वर्गाचे नियम किती दूरवर पोचतात याचं यापेक्षा ठसठशीत उदाहरण मराठवाड्यात दुसरं नसेल.

७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसने हिंदी संघराज्यात सामील होण्याची मागणी करत आंदोलन पुकारलं. पुढच्या वर्षी, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सीनेवरची हद्द पुसली गेली. नंतरच्या बारा वर्षांत आष्टीच्या शाळेवरच्या पाटीने तीन राज्यं पाहिली: १९५६ पर्यंत हैदराबाद, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. उर्दूतून शिकलेल्या मास्तरांनी मराठीतून शिकवायला सुरुवात केली. फसली सन गेला, हाली सिक्का गेला, पुस्तकं बदलली. असफजाही वंशावळ घोकलेल्या मुलांची धाकटी भावंडं भोसल्यांची वंशावळ घोकू लागली.

२७ जानेवारी १९६७ ला पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झालं. नगरच्या आणि आष्टीच्या मुलाच्या हातात एकच पुस्तक आलं आणि ते परवडणाऱ्या किमतीत आलं, ही मोठी समता होती. चौथीच्या 'शिवछत्रपती' पुस्तकावर तर महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. पण एका पुस्तकात सगळा महाराष्ट्र मावतो तेव्हा कडेचा मुलूख आणखी कडेला सरकतो. राज्याच्या इतिहासाचा कणा पुणे-सातारा-रायगड हा राहिला. मराठवाड्याची स्वतःची लढाई पाठ्यपुस्तकात थोडक्यात आली. ती सविस्तर सांगायचं काम मराठवाड्यातल्याच माणसांनी शाळेबाहेर केलं. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आला १९८७ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. नांदेडच्या शाळेत शिकवलेल्या नरहर कुरुंदकरांनी हा संग्राम समजावून सांगायला आपली लेखणी आणि व्याख्यानं खर्ची घातली. निलंग्याला जन्मलेले आणि हैदराबाद संस्थानात सनदी नोकरी केलेले सेतु माधवराव पगडी फारसी कागद वाचून मराठ्यांचा इतिहास नव्याने सांगत राहिले. उर्दू-फारसीचं निजामी शिक्षण मराठी इतिहासाच्या असं उपयोगी पडलं.

आजचा वर्ग कसा आहे? सहावीत प्राचीन भारत असतो आणि शेवटी 'प्राचीन भारत आणि जग' हा पाठ येतो. सातवीत शिवकाळ आणि मराठी सत्तेचा विस्तार. आठवीत 'युरोप आणि भारत' या एका पाठात प्रबोधन, भौगोलिक शोध, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती आणि औद्योगिक क्रांती भेटून जाते. जगाच्या इतिहासाला माध्यमिक टप्प्याच्या आधी मिळालेली जागा इतकीच. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल जगाबद्दल सगळ्यात जास्त विचारतं, आणि नेमकं तेव्हाच जग काही पानांत आटोपतं. जवाहरलाल नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून आपल्या मुलीला जगाच्या इतिहासावर १९६ पत्रं लिहिली. ती सुरू झाली तेव्हा इंदिरा तेरा वर्षांची होती. त्या वयाला एवढं पेलतं, असा त्या बापाचा भरवसा होता.

नियम मात्र आता पूर्वीपेक्षा किती तरी उदार आहेत. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि छडीला कायद्याने बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. सातवी-आठवीसाठी शंभरातले ६० गुण सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला आणि ४० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाला दिले. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, वर्गकार्य अशी त्याची साधनं ठरली. पुढे पुस्तकांत अध्ययन निष्पत्ती छापून येऊ लागल्या आणि विद्यार्थ्याने साधनं ओळखावीत, तुलना करावी, कारणं शोधावीत अशी अपेक्षा लेखी नोंदवली गेली. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. कागदावर पाहिलं तर कीर्तन्यांसारखी हरकत घेणारा विद्यार्थी आजच्या नियमांना हवाच आहे.

प्रत्यक्षात त्या ४० गुणांचं काय होतं ते प्रकल्पवहीत दिसतं. स्टेशनरीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना रंगीत चित्रांचे तक्ते मिळतात: थोर नेते, गडकिल्ले, जगातली सात आश्चर्यं. मूल तो तक्ता आणतं, कात्रीने चौकोन कापतं, डिंकाने चिकटवतं, खाली पेनाने दोन ओळी लिहितं. वहीला खाकी पुठ्ठा, त्यावर स्केचपेनने नाव, इयत्ता, तुकडी. वर्गातल्या सगळ्यांच्या वह्यांत तेच चौकोन असतात, कारण गावात दुकान एकच. बाई लाल शाईने सही करतात, गुण भरतात. त्यांच्याकडे आणखी दोन वर्ग असतात, शाळाबाह्य सर्वेक्षण असतं, निवडणुकीचं काम असतं. दोष त्यांचा नाही. पण जोवर प्रकल्प दुकानातून येतो, तोवर मुलाला स्वतः काही शोधावं लागत नाही.

आणि काही मुलं वही करायलाच वर्गात नसतात. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे आणि आष्टी तालुका त्यातच येतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. गाळप संपून टोळ्या परततात तेव्हा होळी-पाडवा उलटून गेलेला असतो. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ सगळं गेलं. मूल सोबत गेलं तर शिक्षण हमी पत्रक घेऊन जिथे असेल तिथल्या शाळेत बसावं, आणि मागे राहिलं तर हंगामी वसतिगृहात जेवावं आणि आजी-आजोबांकडे झोपावं, अशी सरकारी सोय आहे. शिक्षक हजेरीपटाशी झगडत राहतात. अभ्यासक्रमाचा आराखडा मात्र जून ते एप्रिल सलग वर्गात बसणारं मूल धरून आखलेला असतो.

याच मुलांच्या आयुष्यात जगाच्या इतिहासाचा एक मोठा पाठ उभा आहे. ऊस ही साखरेच्या जागतिक बाजारपेठेची वनस्पती. तिच्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून कॅरिबियन बेटांवर नेली गेली. ब्रिटिश साम्राज्याने १८३३ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद केली, तेव्हा मळेवाल्यांना नवे हात हवे होते. १८३४ पासून मॉरिशसला हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. त्या कराराला लोक गिरमिट म्हणत. त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसंही होती. त्यांची पोरं-नातवंडं आज मॉरिशसमध्ये मराठी समाज म्हणून नांदतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मळ्यावर मजुरांच्या टोळीवर एक 'सरदार' असे. नगर जिल्ह्यात प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या आसपास त्याचं गाळप सुरू झालं. पुढे कारखाने वाढले, आणि १९७२ च्या दुष्काळाने बीडची माणसं मोठ्या संख्येने कोयता घेऊन बाहेर पडली. गिरमिट आणि उचल, सरदार आणि मुकादम यांत साम्य कुठे आणि फरक कुठे, हा प्रश्न आष्टीच्या आठवीतल्या मुलीला विचारला तर ती जे उत्तर देईल ते कोणत्याही गाइडात मिळणार नाही. कोयता बांधणं म्हणजे काय, हे तिने डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरा पाठ खर्ड्याचा. आष्टीहून जामखेडमार्गे सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतकं ते जवळ आहे. मार्च १७९५ मध्ये इथे निजाम अली खान आणि पुण्याची फौज समोरासमोर आली. मराठ्यांकडे पेशव्यांचं, शिंद्यांचं, होळकरांचं, नागपूरकर भोसल्यांचं लष्कर होतं. सूत्रं नाना फडणवीसांकडे आणि सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे. चौथाईच्या थकबाकीवरून बिनसलं होतं. निजाम मागे हटून खर्ड्याच्या निंबाळकरांच्या किल्ल्यात शिरला, वेढ्यात अडकला आणि पाण्यावाचून त्याच्या लष्कराचे हाल झाले. शेवटी मुलूख आणि मोठी रक्कम कबूल करून, आपला दिवाण पुणेकरांच्या स्वाधीन करून त्याने तह केला. पाठ्यपुस्तकात ही लढाई मराठ्यांच्या एकजुटीचं अखेरचं यश म्हणून येते. आणि ती तशी होतीच.

पण त्या मैदानावर आणखी कोण होतं ते पाहिलं की नकाशा एकदम मोठा होतो. निजामाच्या कवायती पलटणींचा सेनापती रेमंड हा फ्रेंच. पॅरिसमध्ये राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि रेमंडच्या पलटणींवर क्रांतीचा तिरंगी झेंडा होता. समोर दौलतराव शिंद्यांच्या ज्या पलटणी होत्या त्या सॅव्हॉयच्या द बॉइनने उभ्या केलेल्या. खर्ड्याला त्यांचं नेतृत्व पेराँ या फ्रेंच माणसाकडे होतं. जामखेडच्या माळावर दोन्ही बाजूंनी फ्रेंच अंमलदार मराठी-दखनी शिपायांना हुकूम देत होते. आणि इंग्रज? गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअरने निजामाला मदत नाकारली आणि कंपनी तटस्थ राहिली. नाराज निजामाने रेमंडचं बळ वाढवलं. युरोपात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलेलं असल्याने कंपनीला ते खुपू लागलं. १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड वारला, त्याच वर्षी नवा गव्हर्नर-जनरल वेलस्ली आला, सप्टेंबरमध्ये निजामाने तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरमध्ये हैदराबादेतल्या फ्रेंच पलटणी लढाईशिवाय मोडल्या गेल्या. त्या तहाने निजामाचं राज्य इंग्रजांच्या छत्राखाली गेलं आणि १९४८ पर्यंत टिकलं. सीनेची हद्द, हाली सिक्का, वस्तानियातली उर्दू, हे सगळं ज्या राज्यामुळे आलं त्याच्या भवितव्याचा धागा खर्ड्यापर्यंत आणि तिथून पॅरिसपर्यंत जातो. 'फ्रेंच राज्यक्रांतीचे परिणाम लिहा' या प्रश्नाचं एक उत्तर खर्ड्याच्या किल्ल्यात उभं राहून देता येतं.

तिसरा पाठ नगरच्या भुईकोटात. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चाललं होतं तेव्हा पकडलेले बोअर शेतकरी-सैनिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरला आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक इथल्या छावणीत स्थानबद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हिमालयात आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिश हारर पकडला गेला, आधी नगरच्या छावणीत, मग देवळालीला, पुढे डेहराडूनला गेला आणि तिथून निसटून तिबेटात पोचला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते किल्ल्यात डांबले गेले. नेहरूंनी १९४४ मध्ये तिथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. पुढे साने गुरुजींनी ते मराठीत आणलं. दोन महायुद्धं आणि एक आफ्रिकी युद्ध आष्टीपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर येऊन गेली.

चौथं साधन शाळेच्याच कपाटात आहे: दाखल-खारीज रजिस्टर. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीतही आहेत. २०२३ मध्ये निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा महसुली कागदांसोबत शाळांची जुनी रजिस्टरंही बाहेर निघाली, आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. एका ओळीच्या नोंदीवर एखाद्या घराचं भवितव्य ठरू शकतं, हे त्या महिन्यांत गावोगाव कळलं. इतिहासाची साधनं हा पाठ सहावीत, सातवीत आणि आठवीतही आहे. तो शिकवायला याहून चांगलं साधन कोणतं? आजच्या मुलांच्या खासगी नोंदी उघड न करता, शंभर वर्षांपूर्वीचं एक पान फळ्यावर उतरवून घेता येतं: किती मुलं, किती मुली, कोणत्या घरची, किती जणांनी वस्तानियाच्या तोंडाशी शाळा सोडली.

यांतल्या कोणत्याही कामासाठी नवा शासन निर्णय लागत नाही. आकारिक मूल्यमापनातला प्रकल्प खर्ड्याचा असू शकतो. तोंडी कामाचे गुण आजोबांची मुलाखत घेऊन मिळवता येतात. फसली महिन्यांची नावं ऐकलेली म्हातारी माणसं अजून गावात आहेत, पण आणखी दहा वर्षांनी नसतील. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाला हजेरीच्या रकान्यातली फुली देण्याऐवजी चार प्रश्न लिहून देता येतात: फडावर कोणकोणत्या जिल्ह्यांची माणसं होती, उचल किती आणि कोणत्या अटीवर होती, टोळीत कोणत्या बोली ऐकल्या, साखर तिथून कुठे गेली? ते मूल परत येईल तेव्हा त्याच्याकडे वर्गातल्या कुणाकडे नाही अशी माहिती असेल आणि त्या दिवशी वर्गाला शिकवायचं काम त्याचं असेल.

जाण्या-येण्याची अडचणही थोडी हलकी झाली आहे. बीडकरांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितलेली रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ ला नगरहून आष्टीपर्यंत धावली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत पोचली. आठवीच्या वर्गाला आष्टीहून निघून नगरचा किल्ला पाहून यायचा असेल तर वाटेत एके काळची राज्याची हद्द ओलांडली जाईल. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून परवानगीचा अर्ज आधी द्यावा लागेल. तो अर्ज कसा लिहायचा, कोणाच्या नावे, कोणतं कारण दाखवून, हा त्या प्रकल्पातला पहिला स्वाध्याय मुलांकडूनच करून घ्यावा.